दस्त्यातली झडप

त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीच्या देखाव्याची बैठक होती. देखाव्यातल्या सैनिकाच्या हातात कोणती रायफल द्यायची, हे ठरायचं होतं. माझे वडील, आप्पा, बोलायला उठले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, की त्यांची गल्लत होते आहे. ते खाली बसले.

यंदाही श्रावण अर्ध्यावर आला आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरायला लागले. समितीत कोण, मांडव कुठे, देखावा कसला. संध्याकाळी कंपनीची बस मला मोशीच्या चौकात सोडते तेव्हा पलीकडच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालू असतो. ओल्या हवेने ढोलाचं पान सैल पडतं, मुलं मधेच थांबून दोऱ्या आवळतात, आणि मग आवाज पुन्हा कडक होतो. कुंपणाच्या कडेने तेरडा फुलला आहे. पूर्वी या दिवसांत मी चौकातून भराभर चालत घरी यायचे, कारण आप्पा बाल्कनीत बसलेले असायचे आणि त्यांची बोटं कठड्यावर तोच ठेका धरत असायची. आता मी ढोल ऐकत चौकातच थोडा वेळ उभी राहते. घरी लवकर पोहोचून करायचं असं काही नसतं.

आप्पा सैन्यात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. सतरा वर्षं त्यांनी ते काम केलं, मग पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर झाले, आणि आम्ही कासारवाडीच्या चाळीत राहायला आलो. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या वडिलांनी लढाईत किती शत्रू मारले? मी घरी येऊन तोच प्रश्न आप्पांना विचारला. ते म्हणाले, एकही नाही, पण ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांच्या बंदुका अडकल्या नाहीत. मला ते उत्तर शाळेत सांगायला पुरेसं वाटलं नाही. मी मैत्रिणींना एक आकडा सांगून टाकला. आप्पांबद्दल मला वाटलेली पहिली लाज तीच असावी. पुढे मी शिकले, पुस्तकं वाचत गेले, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले, आणि ती लाज गेली असं मी समजत होते.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. एकाहत्तरच्या लढाईनंतर शत्रूकडून मिळालेल्या बंदुका त्यांच्या टेबलावर आल्या, त्यांत गॅरंड रायफली होत्या. गॅरंडमध्ये वरून आठ गोळ्यांची क्लिप दाबायची असते, आणि अंगठा वेळेत मागे घेतला नाही तर आतला सरकता बोल्ट पुढे येऊन त्याला चावतो. आप्पांची स्वतःची, रोजची बंदूक म्हणजे एसएलआर, आपल्याकडच्या कारखान्यात बनलेली. दोन्ही अर्धस्वयंचलित, चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप जागेवर. आप्पा या दोन रायफलींबद्दल असे बोलायचे, जसं कुणी दोन सुनांबद्दल बोलावं. एसएलआर उंच, सोशिक, तेल कमी पडलं तरी निभावून नेणारी. गॅरंड देखणी, सगळीकडून लाकडाने मढलेली, पण मानी.

त्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. जगभरातल्या जुन्या लष्करी रायफली, पानापानावर रंगीत छायाचित्रं. आप्पांना इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. ते फोटोंवरून बोट फिरवायचे, आणि ओळखीचं कोणी भेटलं की हसायचे.

त्याच वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी नावं गेली. मग चाळीतले शेजारी गेले. एकदा कासारवाडी स्टेशनबाहेर ते तासभर उभे राहिले, कारण मोशीची बस कुठून सुटते ते आठवेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे आठवतंय त्याला धरून राहू द्या, उठता बसता चुका दाखवू नका. मी मान डोलावली होती.

आणि आप्पा धरून राहिले होते. रोज सकाळी चहा झाला की ते टेबलावरची कपबशी बाजूला सारायचे आणि हवेत रायफल खोलायचे. मॅगझिन, स्लाइड, बोल्ट, बॉडी कव्हर, गॅस प्लग, पिस्टन, स्प्रिंग. प्रत्येक भागाचं नाव घेऊन तो काढायचा आणि टेबलावर डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवायचा. टेबलावर काही नसायचं, पण मी त्या जागी वर्तमानपत्र ठेवलं तर ते उचलून घ्यायला सांगायचे. मग उलट क्रमाने जोडणी. सगळ्यात शेवटी ती नसलेली रायफल ते उभी करायचे, उलटी धरायचे, आणि अंगठ्याने दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या, तळाशी काहीतरी दाबून बंद करायचे. मग माझ्याकडे बघायचे. “झाली,” म्हणायचे. म्हणजे आज सगळं जागेवर आहे. आईचं नाव एखाद्या सकाळी अडखळायचं, पण ही यादी कधी अडखळली नाही. त्यांच्याजवळ खात्रीचं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं, अशी सबब मला नाही.

गेल्या वर्षी देखावा ठरला तो सीमेवरच्या चौकीचा. कापडाच्या दुकानातून एक पुतळा मिळाला होता, त्याला गणवेश चढवायचा होता. रायफल लाकडाची करणार होते घोलप काका. ते मूळचे चिखलीचे, जन्मभर फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो ते बनवायचे. काकांकडे जुन्या चौकटीची एक सागवानी फळी होती. एकच. तीत एकच रायफल निघणार होती. मी समितीची चिटणीस, म्हणून कोणती रायफल शोभेल ते बघायचं काम माझ्याकडे आलं. मी आप्पांच्या पुस्तकातून एसएलआर आणि गॅरंड अशा दोघींचे फोटो काढले, शेजारी शेजारी छापले, खाली वजन, लांबी, गोळ्यांची संख्या असा तक्ता केला. ऑफिसात करते तसाच.

बैठकीत तेजस गॅरंडच्या बाजूने होता. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, हिंजवडीला नोकरी करतो, आणि त्याने ती बंदूक मोबाइलच्या खेळात चालवलेली आहे. “ताई, गॅरंडच घेऊ. पूर्ण लाकडी, एकदम क्लासिक. शेवटची गोळी सुटली की क्लिप टिंग करून उडते. तो आवाज स्पीकरवर टाकला ना, पब्लिक हलणार नाही तिथून.”

घोलप काका म्हणाले, “आरं, पन ती त्यांची बंदूक व्हती ना? आपल्या जवानाच्या हातात त्यांची बंदूक? बाप्पा काय म्हनंल?”

“काका, बाप्पाला मॉडेल कळतं का?”

“बाप्पाला समदं कळतं. तुला कळत न्हाई, ह्यो प्रश्न हाय.”

हॉलभर हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, आपल्यात खरे जाणकार बसलेत, त्यांना विचारा. सगळे आप्पांकडे वळले. आप्पा उठले. कित्येक महिन्यांत ते चारचौघांत असे बोलले नव्हते. ते म्हणाले, रायफल कुठलीही करा, पण दस्त्याच्या तळाला छोटी झडप ठेवा, दोन्हींना असते. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी राहते. आणि उरलेल्या जागेत जवान काय काय ठेवतात ते सांगू लागले. सुपारीचं खांड. विडीचं थोटूक. मावळातला एक जण देहूच्या बुक्क्याची पुडी ठेवायचा. नियमाने ते सगळं काढून टाकायचं असे, पण आप्पा झडप उघडून वस्तू बाजूला काढायचे, तेलपाणी करायचे, आणि होती तशी परत ठेवायचे. शत्रूच्या एका गॅरंडमध्ये त्यांना सुई मिळाली होती, हिरवा दोरा गुंडाळलेली. ती कुणाला परत द्यायची, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. म्हणून म्हणतो, देखाव्यात झडप उघडी दाखवा, ते म्हणाले, लोकांना वाकून बघू द्या आत काय आहे ते.

आज ते बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा मी ते ऐकत नव्हते. मी लोकांचे चेहरे बघत होते. त्याच आठवड्यात आप्पांनी लिफ्टमध्ये तेजसला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, आणि तेजस तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला होता. तो चांगुलपणा मला टोचला होता. आता आप्पा पुन्हा लांबण लावत होते आणि पुढच्या ओळीत एकाने घड्याळ पाहिलं. लोकांनी त्यांना हसण्याआधी आपणच त्यांना थांबवावं, असं मला वाटलं. शिवाय माझ्या मांडीवर पुस्तक होतं. त्यात एसएलआरच्या दस्त्याचा मागून घेतलेला फोटो होता, आणि तो तळ सपाट होता.

“आप्पा, एसएलआरला झडप नसते,” मी म्हणाले. “ती फक्त गॅरंडला. तुमची गल्लत होतेय.”

मी पुस्तक उघडून त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, फोटोवर बोट ठेवलं. बराच वेळ बघितलं. “असेल,” म्हणाले. खाली बसताना त्यांनी खुर्ची आहे का, हे हाताने चाचपून पाहिलं.

बैठकीने एसएलआर ठरवली. कुणी मला काही म्हटलं नाही. उलट जाताना एक बाई म्हणाल्या, तुमचा अभ्यास छान असतो हं.

पुढचे पंधरा दिवस खालच्या पार्किंगमध्ये सागाचा भुसा उडत होता. त्याच्या वासाला एक गोडसर कडूपणा असतो, कपड्यांत राहतो. मी कामावरून आले की काकांपाशी उभी राहायचे. ते पटाशीने दस्त्याची गोलाई काढत म्हणायचे, आमच्या हाताला खोड हाय, समदं जरा मोठं करायची, लोखंड थंड झालं की आकसतं ना, त्येवढं आधीच धरून चालावं लागतं. एकदा त्यांनी दस्ता उलटा केला आणि विचारलं, “तुझे आप्पा झडप म्हनत व्हते. करू का?” मी म्हणाले, पुस्तकात नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं. मी ड्रॉइंगपरमानं करतो. ड्रॉइंग तुझं.” आणि त्यांनी तळाला पॉलिश पेपर मारला.

वर, आमच्या घरात, बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी चहानंतर कपबशी बाजूला सारली होती. मॅगझिन, स्लाइड, बोल्ट. पिस्टनपर्यंत आले. जोडणीही झाली. मग रायफल उलटी धरली, अंगठा तळाकडे गेला आणि हवेत थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात हळूच टेबलावर ठेवले. तिसऱ्या दिवसापासून ते चहा झाल्यावरही कप दोन्ही हातांत धरून बसू लागले. मी म्हणायचे, आप्पा, आज नाही का? ते म्हणायचे, नको, काहीतरी चुकतं माझं. मी त्यांच्या ताटात लाडू वाढायचे, टीव्ही लावायचे, गौरींसाठी तेरडा आणायला त्यांना सोबत न्यायचे. माफी मागायचं मात्र मला सुचलं नाही. बरोबर असलेल्या माणसाला ते सुचत नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी देखावा उतरवत होते. सैनिकाचा गणवेश काढलेला पुतळा भिंतीला तोंड करून उभा होता आणि रायफल खांबाला टेकवली होती. आप्पा आरतीला एकदाही खाली आले नव्हते, त्या दिवशी आले. सरळ खांबापाशी गेले, रायफल उचलली, उलटी केली, आणि चिरलेल्या नखाचा अंगठा दस्त्याच्या तळावरून फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. गुळगुळीत सागवान होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

“वैशाली,” ते म्हणाले, “बरोबर आहे तुझं. नाहीच आहे.”

मी सांगितलं म्हणून जी झडप केली गेली नव्हती, तिच्या नसण्याचा पुरावा त्यांनी माझ्याच रायफलीत शोधला आणि मान्य केला. आणि मला, खरं लिहायचं तर, तेव्हा हलकं वाटलं. मी म्हणाले, चला आप्पा, शेवटची आरती आहे.

माघात ते गेले. छातीत कफ झाला होता, आठ दिवस दवाखान्यात होते. अशा माणसांचे हात चादरीवर काहीतरी करत राहतात, शिवतात, निवडतात, असं मी ऐकलं होतं. आप्पांचे हात स्वस्थ होते. नर्स म्हणाली, किती शांत आहेत हो बाबा.

मे महिन्यात निगडीच्या एका शाळेच्या मैदानावर माजी सैनिकांचा मेळावा होता. मी रस्त्याने जात होते, टेबलावर मांडलेली जुनी शस्त्रं दिसली म्हणून आत शिरले. एसएलआर तिसऱ्या टेबलावर होती. तिथला जवान लातूरकडचा असावा. उचलून बघा की ताई, म्हणाला. मी उचलली. आप्पांच्या बोलण्यातून जितकी वाटायची त्यापेक्षा ती जड होती. मी ती उलटी केली. तळाला लोखंडी पट्टी होती आणि पट्टीत एक लंबगोल झडप.

जवानाने ती नखाने उचकटून दाखवली. आत रिकामं होतं. मी विचारलं, सगळ्याच एसएलआरना असते का ही? तो म्हणाला, “आपल्याकडं बनलेल्याला असतंय. बाहेरच्या देशातल्याला नसतंय म्हणतात.” मग माझ्याकडे बघून त्याने पाणी हवं का, असं विचारलं.

घरी येऊन पुस्तक काढलं. फोटोखाली बारीक अक्षरांत दुसऱ्या देशाचं नाव छापलेलं होतं. ते तिथे पहिल्यापासून होतं.

आमच्या विभागात दरवर्षी नव्या मुली येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. पार्ट मोजायच्या आधी ड्रॉइंगचा उजवा खालचा कोपरा वाचायचा. हे ड्रॉइंग याच पार्टचं आहे ना, आणि त्याची हीच आवृत्ती चालू आहे ना. तो कोपरा न वाचता मोजलं, तर चांगला पार्टही चुकीचा ठरतो, तुमचं माप कितीही अचूक असो. मुली वहीत लिहून घेतात. मी त्यांना हेही सांगते, की खराब पार्ट पुढे गेला तर गिऱ्हाईक ओरडतं, साहेब ओरडतो, कागद रंगतात. चांगला पार्ट नाकारला गेला तर कुणी ओरडत नाही. तो लाल पेटीत पडतो, तिथून भट्टीत जातो, आणि तो चांगला होता हे कुणाला कळतही नाही.

हे मी गेली अनेक वर्षं शिकवते आहे. यंदाच्या मुलींना सांगताना, नाकारलेल्या चांगल्या पार्टच्या वाक्यावर माझा आवाज गेला. त्यांना वाटलं, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. एकीने पेन वर धरून विचारलं, मॅडम, परत सांगता का? मी परत सांगितलं.

मला राहून राहून त्या सकाळी आठवतात. रोज माझ्यासमोर, हातभर अंतरावर, त्यांचा अंगठा ती झडप बंद करत होता. कितीतरी वर्षं. मी कधी विचारलं नाही, आप्पा, शेवटी हे काय दाबता? विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ज्याने ती शेकडो वेळा उघडली आणि मिटली, त्याचा हात मी पाहत होते, आणि साक्ष मी पुस्तकाची काढली. त्यांचं विसरणं मी थांबवू शकले नसते. ते सगळं जाणारच होतं, ही यादीही एक दिवस गेलीच असती. पण ती तिच्या वेळेला गेली असती. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, चारचौघांत, आणि काढून घेताना मला अभिमान वाटत होता.

गेल्या आठवड्यात समितीने विचारलं, मागची रायफल कुठे आहे, यंदा झाकीत वापरता येईल. ती पंपाच्या खोलीत पाइपांमागे होती. मी ती पुसली आणि घोलप काकांकडे घेऊन गेले. मेळाव्यात पाहिलं ते सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, दस्ता मांडीवर उलटा घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, केवढी व्हती? मी बोटांनी दाखवलं. त्यांनी हाताने काढला तरी लंबगोल नेमका उमटला. मग पटाशी उचलली आणि थांबले.

“खोदू का?” ते म्हणाले. “दहा मिनिटांचं काम हाय.”

मी त्या खुणेकडे पाहिलं. आता ती कोरली, की रायफल बरोबर होईल. पुढच्या वर्षी बघणाऱ्याला वाटेल, ती पहिल्यापासून तशीच होती.

मी म्हणाले, नको काका.

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि पटाशी खाली ठेवून त्यांनी चहा टाकायला सांगितला.

समितीला मी कळवलं, की ही रायफल देता येणार नाही. ती आता आमच्या घरात जेवणाच्या टेबलाजवळ भिंतीला टेकवून उभी आहे. दस्त्याच्या तळाला पेन्सिलीचा लंबगोल आहे. त्याच्या आत लाकूड आहे.